नंदी कोणी सजवला?

2022च्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून घरी आला, तेव्हा त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं सीपीयूचं कॅबिनेट होतं. रेल्वेच्या अख्ख्या प्रवासात त्यानं ते खाली ठेवलं नव्हतं. बाजूचा पत्रा कापून तिथं अ‍ॅक्रिलिक बसवलं होतं, आतल्या वायरी वेणी घालावी तशा गुंफल्या होत्या, आणि पुढच्या जाळीला धानाच्या लोंबीचा आकार दिला होता. भंडाऱ्याचं पोरगं, दुसरं काय काढणार!

"याला केस मॉडिंग म्हणतात काका. स्पर्धेला पाठवायचंय."

पाठवायचं म्हणजे नुसता शेवटचा फोटो नव्हे. पत्रा कापताना, घासताना, रंग चुकल्यावर तो खरवडताना, अशा प्रत्येक टप्प्याचे फोटो त्यानं तारीखवार लावून ठेवले होते. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाहीतर कोणीही तयार आणून पाठवेल. परीक्षकाला कसं कळणार कोणी केलंय ते?"

तो सहज बोलून गेला. मी मात्र गप्प झालो, कारण मला आसगाव आठवलं.

आसगाव हे माझ्या मामाचं गाव. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, चौरास भागात. पोळा आमच्याकडे दोन दिवसांचा. श्रावणाच्या अमावास्येला खऱ्या बैलांचा मोठा पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल, म्हणजे नंदी, सजवून दोरीनं ओढत आणतात. चार चाकांच्या पाटावर उभा असलेला, हातभर उंचीचा बैल. तो तोरणाखाली ओळीत उभा राहतो. मग घरोघरी फिरायचं आणि बोजारा गोळा करायचा. बोजारा म्हणजे दारात आलेल्या पोराच्या हातावर ठेवलेले पैसे किंवा खाऊ. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी हा शब्द लिहून ठेवावा. दिवाळीच्या बोनसपेक्षा त्याची वाट जास्त पाहिली जाते.

2018 साली तिथल्या एका मंडळानं नंदी सजावट स्पर्धेला परीक्षक म्हणून मला बोलावलं. परगावचा माणूस, म्हणजे निःपक्षपाती, असा त्यांचा हिशोब. माझ्या हातातल्या कागदावर चार रकाने होते: सजावट, वेशभूषा, संदेश, एकूण परिणाम. शहरातून टेम्पोत घालून आणलेला, छातीइतका उंच, पॉलिश केलेला, वेलवेटची झूल आणि बॅटरीवरचे दिवे लावलेला एक नंदी मैदानात आला आणि माझं पेन आपोआप चालू लागलं. त्याच्या मालकाच्या घरी दुपारी माझा चहा झाला होता, हेही इथं सांगून टाकतो. चहामुळे गुण दिले असं नाही. पण दिले, आणि चहा झाला होता, हे दोन्ही खरं आहे.

ओळीच्या टोकाला एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. तिच्या बैलाचं अंग म्हणजे मोडक्या बाजेचा पाय. शिंगं बाभळीच्या मोठ्या काट्यांची, डोळे गुंजांचे, चाकं बाटलीच्या झाकणांची, झूल आईच्या लुगड्याची. मी हसून तिचा गाल धरला आणि पुढे गेलो. तिला उत्तेजनार्थ कंपास मिळाला. तसा तो सगळ्यांनाच मिळाला होता.

बक्षिसं वाटून झाल्यावर एक म्हातारे शेतकरी माझ्याजवळ आले. रागावलेले नव्हते.

"गुरुजी, त्या पोरीनं बैलाच्या खांद्याले घट्टा काढला होता. तुमी पाह्यला का?"

मी पाहिला नव्हता. जू घासून बैलाच्या मानेवर जो काळा, कडक डाग पडतो, तो तिनं काजळानं काढला होता आणि त्यावर हळद लावली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकतात, ते तिनं पाहिलं असणार. तीस-पस्तीस नंद्यांमध्ये हा एकच काम केलेला बैल होता. बाकीचे सगळे नवरदेव.

या चुकीनं मला तान्ह्या पोळ्याच्या इतिहासाकडे ढकललं.

हा सण नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी सुरू केला असं सांगितलं जातं, आणि साल बहुधा 1806 दिलं जातं. मोठ्यांच्या पोळ्यात लहानांना कोणी विचारत नाही, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी बैल. भोसल्यांचा स्वतःचा भला मोठा लाकडी बैल आहे. गोष्ट गोड आहे, पण सालाकडे जरा पाहा. तीनच वर्षांपूर्वी, 1803च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, हेच रघुजी इंग्रजांकडून आधी अडगावला आणि मग गाविलगडला हरले होते. 17 डिसेंबर 1803च्या देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. राज्याचा मोठा भाग गमावलेला राजा पोरांच्या हातात दोरी देतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. यावर कोणी निबंध लिहू नये. पण सण काही नेहमी भरभराटीतच जन्मत नाहीत.

चाकांवरचा प्राणी ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी. 1974 साली अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला रथ होता, आणि चाकांवर उभे असलेले गेंडा आणि रेडाही होते. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्याचा धागा थेट आमच्या नंदीला बांधायचा मोह मी आवरतो. एवढंच म्हणतो, की दोरीनं ओढायचं जनावर पाहून हरखणारा माणूस महाराष्ट्रात पुष्कळ जुना आहे.

पण माझा प्रश्न परीक्षकाचा होता. पोळ्यात परीक्षक आला कधी?

जुन्या गावात त्याची गरजच नव्हती. कोणाचा बैल पुढे, हे जन्मानं ठरलेलं असे. देशावर होळी आणि पोळ्यातला पहिला मान हा पाटीलकीच्या मानपानाचा भाग होता, आणि त्यावरून भावकीत पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. आपल्या खेड्यांचा हा सगळा कारभार समजून घ्यायचा तर त्रिंबक नारायण आत्र्यांचं 1915चं 'गावगाडा' आजही हाताशी असावं. आमच्या भागात पाटलाच्या जोडीला मालगुजार होता. 1853 साली तिसरे रघुजी वारले, डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं, 1861 साली मध्य प्रांत झाला आणि इंग्रजी जमाबंदीनं मालगुजारांना गावाची मालकी देऊन टाकली. भंडाऱ्यातले तलाव आजही 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. ते कोणाच्या मामाचे नव्हेत, माजी मालगुजारांचे. तलाव ज्याचा, तोरणाखालचा पहिला बैलही त्याचा. तिथं तुमच्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ किती सुंदर लागलाय, हे कोण विचारतो?

मालगुजारी मोडली ती 1951 साली, मध्य प्रदेशच्या 1950च्या कायद्यानं. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मान एका दिवसात गेला नाही. सवयी कायद्याहून चिवट असतात. पण त्यानंतर पहिला कोण, या प्रश्नाला जन्म सोडून दुसरं काहीतरी उत्तर द्यावं लागणार होतं. मला वाटतं, 'उत्कृष्ट बैलजोडी', 'उत्कृष्ट सजावट' ही बक्षिसं त्या रिकाम्या जागेत येऊन बसली. स्पर्धेला आपण उथळ म्हणतो, पण मालगुजाराच्या शेजारी त्याच्या सालदाराचा बैल उभा राहून पहिला येऊ शकतो, ही शक्यता लहान नव्हती.

म्हणूनच माझी चूक मला जास्त लागली. मी ती शक्यता पुन्हा पैशाच्या दारात नेऊन बांधली होती.

आता पुतण्याच्या डब्याकडे येतो, कारण तिथला इतिहास याच वाटेनं गेलाय. पूर्वी कॉम्प्युटर म्हणजे मळकट पांढरा खोका. 1998 साली इंटेलची सेलेरॉन 300ए नावाची स्वस्त चिप आली. 300 मेगाहर्ट्झची ती चिप हौशी लोक 450वर पळवू लागले. चिप पळाली की तापते. म्हणून पत्र्याला भोक पाडून पंखा बसवायचा. म्हणजे पहिली कापाकापी शोभेसाठी नव्हती, मशीनला श्वास मिळावा म्हणून होती. त्याच वर्षी अ‍ॅपलचा आरपार दिसणारा निळसर आयमॅक आला आणि खोकाही देखणा असू शकतो हे लोकांना कळलं. मग भोकाची खिडकी झाली, खिडकीत दिवे आले.

बैलाचं वेगळं काय झालं? आधी खांदा शेकायचा, मग झूल घालायची. सजावटीच्या मुळाशी दमलेल्याची काळजी असते.

ही हौस वाढली ती माणसं एकत्र जमायची म्हणून. टेक्ससमधल्या क्वेककॉनसारख्या मेळाव्यांना 1996पासून खेळाडू आपापले कॉम्प्युटर उचलून नेत, शेजारी शेजारी मांडत. डबा दहा जणांना दिसणार म्हटल्यावर तो सजणारच. कोणाकडे वायर कमी पडली तर शेजारचा देणार. पत्रा कसा कापला हे विचारलं तर लपवणार नाही. थोडक्यात, तोरणाखालची ओळच ती.

पुढे कंपन्या जाग्या झाल्या. खिडकी कापलेलीच, दिवे बसवलेलेच कॅबिनेट दुकानात मिळू लागलं. वीस वर्षांपूर्वी ज्यासाठी हाताला फोड यायचे ते आता दोन दिवसांत घरपोच. टेम्पोतून आलेला नंदीच की हा! मॉडिंगवाल्यांनी यावर दोन तोडगे काढले. एक म्हणजे पुतण्यानं दाखवले तसे कामाच्या टप्प्यांचे फोटो. दुसरा म्हणजे गट वेगळे करणं. कूलर मास्टर कंपनीच्या जागतिक स्पर्धेत बाजारातलं कॅबिनेट घेऊन बदललेली कामं एका गटात आणि शून्यापासून बांधलेली दुसऱ्या गटात असतात. स्पर्धा भरवणारी कंपनी स्वतःच कॅबिनेट विकते, यातली गंमत सोडून द्या. नियम मात्र शहाणा आहे.

2023 साली आसगावहून मामेभावाचा फोन आला. "दादा, यंदा येतोस का? मागच्या खेपेचं लोक विसरले."

मी विसरलो नव्हतो. जाईन म्हणालो, पण अटी घातल्या. विकतचे आणि घरी बनवलेले नंदी वेगळ्या ओळींत उभे करायचे. परीक्षक तीन: एक मी, एक बचत गटातल्या बाई, आणि तिसरे ते घट्टावाले म्हातारे. आईबाप दोरीच्या बाहेर. प्रत्येक पोराला एकच प्रश्न, "यातलं तू काय केलंस?" आणि गुण तिथल्या तिथे फळ्यावर, खडूनं. चहा शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांबरोबर.

पोरं खोटं बोलतील अशी मला भीती होती. बोलली नाहीत. वेलवेटवाल्यांपैकी एकानं सरळ सांगितलं, "काही नाई केलं, फक्त धरला." मैदान हसलं, तोही हसला.

अडचण आली ती घरी बनवलेल्यांच्या ओळीत. एका सुताराच्या नातवाचा नंदी खरोखर अप्रतिम होता. वशिंडाचा बाक, पोटाचा उतार, उचललेला पाय. सगळं सागात. मी प्रश्न विचारला. पोरगा म्हणाला, "कोरला आजोबानं. कागद मारून घासला मी. रंग दोघांनी देल्ला."

आम्ही तिघं बाजूला झालो. बाईंचं म्हणणं, याला पहिला देता येणार नाही. त्याचा हात त्यात निम्माही नाही. म्हातारबांचं म्हणणं उलटं: आजोबाजवळ बसून आठ दिवस घासलं, हेच तर शिकणं. दोरीबाहेरून एक बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "त्या पोराले पैसा घरून भेटला, याले रंधा घरून भेटला. फरक काय हाय?"

फरक आहे असं मला वाटत होतं, पण चारशे लोकांसमोर दोन वाक्यांत तो सांगता येईना. रंधा घरातून मिळाला तरी हात स्वतःचाच झिजवावा लागतो, असं काहीतरी मी बोललो. अर्ध्यांना पटलं. शेवटी पहिला नंबर गेला एका मुलाच्या शेणामातीच्या बैलाला. त्याच्या पाठीला भेग गेली होती आणि ती त्यानं चिंधी बांधून झाकली होती. विचारल्यावर म्हणाला, बैलाला लागलंय. सुताराचा नातू दुसरा. फळ्यावर दोघांत दोन गुणांचं अंतर होतं आणि लोक ते बराच वेळ उभे राहून वाचत होते. सुतारकाका माझ्याशी त्या संध्याकाळी बोलले नाहीत.

2018च्या मुलीबद्दल मी मामेभावाला विचारलं. ती आता मोठी झाली होती, नंदी ओढायच्या वयाची राहिली नव्हती. दोरीपाशी धाकट्या भावाला घेऊन उभी होती. मी जवळ जाऊन घट्ट्याची गोष्ट काढली. तिला बैल आठवत होता, कंपास आठवत होता. घट्टा आठवत नव्हता.

अंधार पडल्यावर पोरं बोजाऱ्याला निघाली. मामाच्या ओट्यावर मी दहा-दहाच्या नोटांचं बंडल घेऊन बसलो. वेलवेटचा आला, शेणामातीचा आला, सागाचा आला, एक तर नुसता पुठ्ठ्याचा, तीन पायांचा. शेणामातीच्या बैलाची भेग पाठीवरून आता पोटापर्यंत पोचली होती, आणि सुताराचा नातू त्याच्या पाटाला खालून हात देऊन चालत होता.