मिस्त्री आणि वायरिंगवाला

माझ्या वडिलांच्या काळी नाना पेठेत मोटरसायकलची दुखणी दोन दुकानांत वाटलेली असत. इंजिन, क्लच, कार्ब्युरेटर मिस्त्रीकडे; हॉर्न, लाइट, कॉइल वायरिंगवाल्याकडे. मिस्त्री वायरीला हात लावत नसे आणि वायरिंगवाला इंजिनाला. पेट्रोलशी तर विजेचा संबंधच नव्हता. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, मध्ये एक कॉक. गाडी बंद पडली की नळी काढून धार बघायची आणि जेट साफ करायचा.

परदेशात हे कधीच बदललं होतं. कावासाकीनं १९८० मध्ये झेड १००० एच१ ला कार्ब्युरेटरऐवजी विजेवर चालणारं पेट्रोल-इंजेक्शन बसवलं, तर १९८३ च्या बीएमडब्ल्यू के १०० मध्ये विजेवरचा पंप थेट टाकीतच होता. आपल्याकडे २००६ मध्ये हीरो होंडाची ग्लॅमर एफआय आली आणि २००७ मध्ये बजाजची पल्सर २२०. ही २२० मात्र २००९ मध्ये पुन्हा कार्ब्युरेटरवर आली, किंमतही उतरली. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं म्हणणारे मिस्त्री तेव्हा पेठेत पुष्कळ भेटले. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आले, बहुतेक गाड्यांना इंजेक्शन लागलं आणि तो वाद जवळजवळ मिटला.

तोवर त्या पहिल्या इंजेक्शनवाल्या गाड्या जुन्या झाल्या होत्या, आणि त्या घेऊन कुणाकडे जायचं हेच गिऱ्हाइकाला कळेना. मिस्त्रीला वायरिंग येत नव्हतं, वायरिंगवाला टाकी उघडायला धजत नव्हता. मग सोपा उपाय निघाला: पंपच बदला. माझ्याकडे एक गाडी नवा कोरा पंप बसवून आली, तरी चढावर दम सोडत होती.

चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद कुंई करतो. त्या गाडीत तो आवाज येत होता, पण दबका. पंपाचं कपलर सोडवून मीटर लावला, तर बारा व्होल्ट पुरते. कपलर जोडून, इंजिन चालू ठेवून मोजले तेव्हा जेमतेम नऊ. वायर गंजलेली असली तरी करंट वाहत नाही तोवर व्होल्ट पुरे दिसतात. पंपानं करंट ओढला की ते गंजातच खर्ची पडतात. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थला लावली, तर तिथेच दोन व्होल्टच्या वर. टाकीखाली अर्थच्या जोडावर हिरवट बुरा साचला होता. तो घासला, टर्मिनल नवं दाबलं, झालं. जुना पंप गिऱ्हाइकानं पिशवीत घालून आणला होता. थेट बॅटरीवर लावला, तर ठणठणीत.

हे ज्ञान नवीन नाही. आमच्या पेठेतल्या वायरिंगवाल्यांकडे मीटर नव्हता. इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि दोन तारा, एवढाच त्यांचा टेस्ट लॅम्प. बल्ब करंट ओढतो, म्हणून लाइन अशक्त असली की लालसर पेटतो. हल्लीचे एलईडीवाले टेस्टर नखभर करंटवर झगमगतात आणि माणसाला फसवतात. मी अजून तो बल्ब वापरतो, मीटरच्या जोडीला.

तुम्हाला कुणी पंप बदलायला सांगितलं, तर पंप चालू असताना त्याच्याशी किती व्होल्ट येतात ते विचारा. आकडा सांगता आला नाही, तर गाडी दुसरीकडे न्या.