कुड्याची साल आणि तिचें नांव

पोटाच्या तक्रारींवर सुंठ, ओवा व हिंग यांची सत्ता मोठी खरी, परंतु ती अपचनापुरतीच. आंव व रक्त पडूं लागलें म्हणजे आमच्याकडील जुन्या गृहिणींस कुड्याची आठवण होई. मुळाची साल ताकांत उगाळून द्यावयाची, नाहींतर खोडाच्या सालीचा काढा करावयाचा. बीं, म्हणजे इंद्रजव, तेंही याच कामीं येई. कोंकणांत तर कुड्याच्या कोंवळ्या शेंगांची भाजीही होते. इतक्या परिचयाच्या या झाडावर परमुलखांत जो प्रसंग ओढवला, तो आम्हांस सांगण्याजोगा वाटतो.

चरकसंहितेच्या कल्पस्थानांत कुटजासाठीं स्वतंत्र अध्याय आहे. तेथें त्याचे दोन भेद केले आहेत : मोठ्या फळांचा व पांढऱ्या फुलांचा तो पुरुष, बारीक फळांची व तांबूस फुलांची ती स्त्री. वाचकांस ही नुसती वर्गीकरणाची हौस वाटेल. आमच्या मतें एका नांवाखालीं दोन झाडें वावरतात, याची जाणीव तींत आहे.

गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ मध्यें तेथेंच छापविलेल्या संवादग्रंथांत अतिसारावरील एका मलबारी वनस्पतीचें वर्णन केलें; ती कुडाच, असें पुढील अभ्यासकांनीं ठरविलें. पुढें ही साल युरोपांत गेली, नांवारूपास आली, आणि तेथेंच घोटाळा झाला. कुड्यासारखाच चीक व तशाच जोडशेंगा असलेलें राइटिया जातीचें दुसरें झाड आपल्या रानांत आहे. त्यास काळा कुडा म्हणतात. बाजारांत दोन्ही साली एक झाल्या. रोग्याला गुण येईना, तेव्हां डॉक्टरांनीं औषधच टाकून दिलें. विद्वानांनीं तरी निराळें काय केलें? लिनियसनें १७५३ मध्यें 'अतिसारनाशक' या अर्थाचें लॅटिन विशेषण दिलें, तें सिंहलद्वीपांतील एका झाडास. आणि तें झाड पुढें राइटियांतच गणलें गेलें!

खऱ्या कुड्याची पारख अवघड नाहीं. त्याच्या शेंगांचीं टोकें सुटीं असतात, काळ्या कुड्याचीं जुळलेलीं. आणि खरा इंद्रजव कडूजहर लागतो. हें ज्ञान वैदूच्या जिभेवर होतें. व्यापाऱ्याच्या गोणीबरोबर तें गेलें नाहीं.

१८५८ मध्यें हेन्स यानें मुंबईस या सालींतून कोनेसीन हें सत्त्व वेगळें केलें, तेव्हां कुड्याची अब्रू कांहींशी परत आली. परंतु १९१२ मध्यें कलकत्त्यास रॉजर्स यानें आंवेवर एमेटीन टोंचण्याची रीत घालून दिली. तें सत्त्व ब्राझीलच्या इपेकाक मुळींतलें. दारचा कुडा पुन्हां मागें पडला. कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं कलकत्त्यांतच त्याची नव्यानें परीक्षा केली, पण शुद्ध कोनेसीन पोटांत गेल्यावर कित्येकांची झोंप उडे व मति भ्रमे. आणि १९६० नंतर मेट्रोनिडाझोल आल्यावर तो विषय डॉक्टरांपुरता मिटला. वैद्यांकडे कुटजारिष्ट मात्र आजही मिळतें.

आणि नांव? शास्त्रज्ञांच्या दप्तरीं आपला कुडा आतां होलॅऱ्हीना प्युबेसेन्स, म्हणजे केवळ 'लवदार', आहे. अतिसारनाशक हें बिरुद सिंहलांतील त्या राइटियाकडेच राहिलें असून, बागांतून तें शोभेसाठीं लावतात.