लेणी वाचायला शिकवणारे ग्रंथ

अजिंठा-वेरूळसाठी छत्रपती संभाजीनगरात येणारे लेणी डोळे भरून पाहतात. पण त्यांचा काळ आणि कर्ते ज्यांच्यामुळे कळले, त्या ग्रंथांकडे फार थोडे वळतात. पुरातत्त्वात ग्रंथाचे मोल मोठे, कारण उत्खननात मातीचा थर एकदाच उकलता येतो. नंतर उरते ती त्याची नोंद आणि तिच्यावर उभा राहिलेला ग्रंथ. अशा ग्रंथाची दखल घ्यायलाच हवी. अमेरिकेतील आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट १९८९ पासून जेम्स वाइझमन यांच्या नावाने पुरातत्त्वग्रंथाला पुरस्कार देते.

आपल्याकडे हा मान बहुधा ग्रंथाऐवजी ग्रंथकर्त्याच्या वाट्याला आला. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठीत ‘पुरातत्त्वविद्या’ लिहिणारे म. के. ढवळीकर २०११ मध्ये पद्मश्री झाले. मूर्ती, शिलालेख आणि लोकपरंपरा यांचा मेळ घालणाऱ्या रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ला मात्र १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तो काटेकोर अर्थाने पुरातत्त्वाचा ग्रंथ नव्हे, पण मराठी वाचकाला या विषयाकडे नेणारी इतकी सुंदर वाट मला दुसरी दिसत नाही.

प्रभाव मात्र पुरस्काराच्या यादीवरून मोजू नये. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी तिथल्या उत्तरकालीन लेण्यांचे काम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाभोवती, सुमारे ४६२ ते ४८० या अवघ्या अठरा वर्षांत बसवले. दार फिरावे म्हणून चौकटीपाशी कोरलेल्या खाचा कशा बदलत गेल्या, अर्धवट सोडलेले कोरीवकाम कुठे आहे, अशा बारीक खुणांचा त्यांना आधार होता. त्यांचा कालक्रम सर्वांना पटला नाही. पण तो खोडून काढणाऱ्यालाही आधी त्याच खुणा तपासाव्या लागतात. ग्रंथाचा याहून मोठा सन्मान कोणता?

नवख्या वाचकांनी सुरुवात ढवळीकरांपासून करावी, मग वा. वि. मिराशींचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ घ्यावा. स्पिंक यांचे जाडजूड खंड सवडीने उघडावेत. आणि पुढच्या वेळी अजिंठ्याला जाल तेव्हा चित्रांकडे धावण्याआधी दाराच्या चौकटीपाशी थोडे थांबा, त्या खाचा स्वतः पाहा.