टक्का आणि शेकडा

सोलापुरात चादरींच्या दुकानात ‘१० टक्के सूट’ ऐकू येते आणि शाळेच्या गणितात त्याच हिशेबाला ‘शेकडेवारी’ म्हणतात. शेकडा हा संस्कृत ‘शत’च्या घरातला. टक्का मात्र नाण्याच्या कुळातला. ‘टंक’ म्हणजे ठसा उमटवलेलं नाणं. टांकसाळ त्यातलीच, दिल्लीच्या सुलतानांचा ‘टंका’ही त्यातलाच, बांगलादेशाचं चलन आजही ‘टाका’ आहे. मराठीत हे नाव शंभरातल्या एका भागाला मिळालं.

शंभरामागचा हिशेब आपल्याकडे फार जुना. ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात: शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाला किती? उत्तर ९.६. टक्केवारी शिकणाऱ्या मुलांना हेच उदाहरण द्यावं. शंभराला एवढे तर एकाला किती, हे उमगलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. ‘द.सा.द.शे.’ही उलगडून सांगावं: दरसाल दरशेकडा. यातले दर आणि साल फारसीतून आले, शेकडा आपला.

आज शेकडा पाठ्यपुस्तकात आणि व्याजाच्या गणितात उरलाय. निकाल, मतदान, सूट सगळीकडे टक्काच चालतो. आणि ठेकेदारीत ‘टक्केवारी’ म्हणजे सरळ लाच.