जुने यंत्र, नवी कार्यप्रणाली: संगणकाचे वय ठरवते कोण?

१/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील शाळा, सेवा केंद्रे आणि लग्नपत्रिका जुळवणारी डीटीपीची दुकाने यांत आदल्या दिवशी जी यंत्रे चालत होती, ती दुसऱ्या दिवशीही चालली. तरीही त्यांतील कित्येक यंत्रे एका रात्रीत 'कालबाह्य' ठरली. हे कसे घडते, आणि मराठीचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसवू पाहिली की दोन प्रकारचे नकार मिळतात. पहिला नकार यंत्राचा असतो: त्याला ते काम जमतच नाही. दुसरा नकार निर्मात्याचा असतो: यंत्राला जमले असते, पण परवानगी नाही. पडद्यावर दोन्ही वेळा जवळपास एकच संदेश दिसतो. म्हणून गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास वाचताना हे दोन नकार वेगळे करून पाहावे लागतात.

३/ सुरुवात डॉसच्या काळापासून करू. १९८० च्या दशकातील पीसीच्या पडद्यावर उमटणारी अक्षरे यंत्राच्या अंगातच कोरलेली असत, आणि ती रोमन असत. देवनागरीची काना-मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे त्या ठरावीक चौकटींत मावत नव्हती. हा नकार खराखुरा यंत्राचा होता. त्यावर आयआयटी कानपूर येथे संशोधन झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले.

४/ त्यातून आले 'जिस्ट कार्ड'. संगणकाचे झाकण उघडून रिकाम्या खाचेत ही पाटी बसवायची. भारतीय लिप्यांचे काम ती स्वतः सांभाळत असे. मूळ यंत्र तेच, डॉसही तेच. पण वर्डस्टार किंवा डीबेससारख्या रोमन लिपीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटू लागली. यंत्र न बदलता त्याची क्षमता वाढवण्याचा हा मार्ग आपल्याच राज्यात घडला, याची आठवण आज फारशी राहिलेली नाही.

५/ १९९१ हे वर्ष दोन कारणांसाठी लक्षात ठेवा. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे मानक त्या वर्षी भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. म्हणजे मराठीसाठी शास्त्रशुद्ध पाया तयार होता. बाजार मात्र दुसऱ्या वाटेने गेला.

६/ ती वाट होती फॉन्टची. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसवायची, की पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसते. पण फाइलच्या पोटात रोमन संकेतच राहतात. तोच फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अगम्य चिन्हांची रांग समोर येते. भर म्हणजे प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. १९९० च्या दशकातील असंख्य मराठी पत्रिका, स्मरणिका, प्रश्नपत्रिका आणि पुस्तके अशाच वेषांतरित रूपात साठवली गेली.

७/ फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली. देवनागरी युनिकोडला अंगभूत आधार देणारी ही पहिली विंडोज. विंडोज ९८ ला किमान १६ एमबी मेमरी पुरत होती. विंडोज २००० ला किमान ६४ एमबी लागे. त्या काळी हा फरक खिशाला जाणवणारा होता. इंग्रजीत काम करणाऱ्याला जुनी प्रणाली पुढेही पुरली असती. मराठी खऱ्या अर्थाने साठवू इच्छिणाऱ्याला मात्र नवी प्रणाली घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

८/ २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली. तीत मराठी होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करायची, मूळ सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. मग देवनागरी नीट दिसे. २००१ मध्येच स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून महाराष्ट्राची एक पिढी याच काळात संगणक शिकली. सीडी हाताशी नसेल, तर मराठी यंत्रात असूनही दिसत नसे.

९/ मग जुनी यंत्रे टिकून का राहिली? एक उत्तर डीटीपीच्या दुकानात मिळते. मराठी अक्षरजुळणीच्या अनेक सॉफ्टवेअरना 'डाँगल' लागे. प्रिंटरच्या समांतर पोर्टात ही छोटी कुलूपवजा डबी लावली नाही तर प्रोग्रॅम उघडतच नसे. नव्या संगणकांतून ते पोर्टच नाहीसे झाले. नव्या विंडोजसाठी त्या डबीचा ड्रायव्हर मिळेना. वीस वर्षांचे काम ज्या यंत्रात आहे ते यंत्र दुकानदार जपतो, यात आळस शोधू नये.

१०/ तरीही देखभाल संपणे ही निव्वळ व्यापारी चाल नव्हे. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची देखभाल थांबली. त्यानंतर तिच्यात सापडणारी सुरक्षेची नवी छिद्रे नियमितपणे बुजवणारे कोणी उरले नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. इंटरनेटला जोडलेले जुने यंत्र आणि एका कोपऱ्यात सुटे ठेवलेले जुने यंत्र यांतील धोका सारखा नसतो.

११/ शाळांची कथा थोडी वेगळी आहे. केंद्राची 'आयसीटी अॅट स्कूल' योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. अनेक ठिकाणी कंत्राटदाराने संगणककक्ष उभारायचा, ठरावीक वर्षे चालवायचा आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायचा, अशी पद्धत होती. यंत्रांचे हस्तांतरण होते. ती अद्ययावत ठेवणारा माणूस मात्र कंत्राटाबरोबर निघून जातो. केरळच्या शाळांनी त्याच दशकात मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि शिक्षकांनाच ते शिकवले. सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली.

१२/ लिनक्स जुन्या यंत्रांचा मित्र, हे बऱ्याच अंशी खरे. पण त्याचीही सीमा आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली आवृत्ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी लिहिली. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून त्याच ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला. उबंटूने २०१७ मध्ये ३२-बिट संगणकांसाठी डेस्कटॉप आवृत्ती बनवणे थांबवले. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्येही ३२-बिट पीसीसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर उरला नाही. जुन्याचा सांभाळ करायलाही माणसे लागतात, आणि ती मोजकीच असतात.

१३/ आता विंडोज ११ कडे येऊ. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या प्रणालीला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. पण इन्स्टॉलरची ही तपासणी रजिस्ट्रीतील काही नोंदी बदलून ओलांडता येते आणि २०११ चा कोअर आय-५ संगणकही ती प्रणाली चालवू शकतो. म्हणजे हा नकार मुख्यतः परवानगीचा आहे. अशा यंत्राला पुढची अद्ययावतने मिळतीलच, याची हमी मात्र कंपनी देत नाही.

१४/ याउलट कोअर टू ड्युओ घ्या. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीला 'पॉपकाउंट' नावाची एक आज्ञा प्रोसेसरमध्येच असावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरांत ती २००८ च्या अखेरीस आली. कोअर टू ड्युओमध्ये ती नाही, त्यामुळे तिथे रजिस्ट्रीत काहीही बदलले तरी उपयोग होत नाही. एकाच प्रणालीत हे दोन्ही नकार शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

१५/ बीडला या प्रश्नाची एक जुनी ओळख आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. दप्तरे शाबूत होती, वाचणारे विरळ झाले होते. कुणाचे प्रमाणपत्र, कुणाचा हक्क त्या वाचनावर अवलंबून होता. जुन्या फॉन्टमधील फाइल आणि तिचे एकुलते एक चालू यंत्र यांची आज नेमकी हीच स्थिती आहे.

१६/ म्हणून जुन्या संगणकावर काहीही नवे बसवण्यापूर्वी हा क्रम पाळा:
• सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या.
• मराठी फाइलींचे फॉन्ट कोणते, ते लिहून ठेवा आणि फॉन्टही जपा.
• जुने सॉफ्टवेअर चालू असेतोवर महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ काढा; मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा.
• हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा.
• शक्य असल्यास एसएसडी आणि थोडी मेमरी वाढवा. जुन्या यंत्राला सर्वाधिक वेग यातूनच मिळतो.

१७/ आपल्या गावातील वाचनालय, शाळा, पतसंस्था किंवा छापखाना यांच्याकडे असे एखादे यंत्र धूळ खात पडले असेल. ते भंगारात जाण्यापूर्वी एकदा सुरू करून पाहा आणि त्यात काय आहे याची यादी करा. स्थानिक इतिहासाची साधने यापुढे पेटाऱ्यांइतकीच हार्ड डिस्कमध्येही सापडणार आहेत. आपल्या पाहण्यात असा जुना मराठी संगणक असेल, तर त्यावर कोणती प्रणाली आणि कोणता फॉन्ट आहे, ते खाली अवश्य लिहा.

थ्रेड समाप्त.