टपाखालचे कापड

पुण्याच्या वाहन-इतिहासात आकुर्डीचा बजाज कारखाना येतो, पिंपरीची टेल्को येते, 1998 साली अवतरलेली इंडिका येते. जुन्या गाडीच्या टपाला आतून नवे अस्तर लावणारे नाना पेठेतले सीट-हूडवाले मात्र त्यात कुठेच नसतात. कारखान्यांच्या मागोमाग आलेली किरकोळ डागडुजी, एवढीच त्यांच्या कामाची नोंद. मला ही नोंद चुकीची वाटते. हे कसब शहरात टिकले ते भाड्याच्या वाहनांमुळे, आणि खाजगी मोटारींना ते आयते मिळाले.

टांग्याचे छप्पर सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे असे. नवलमल फिरोदियांच्या पुढाकाराने ऑटोरिक्षा आली, 1959 मध्ये बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि टांगे हळूहळू रस्त्यावरून हटले. छपराची रीत मात्र फारशी बदलली नाही. रिक्षाचा हूडही लोखंडी सांगाड्यावर ताणलेला. उन्हाने विरणारा, पावसाने कुजणारा, शिवणीत उसवणारा. त्यात भर पडली योग्यता प्रमाणपत्राची. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या भाड्याच्या वाहनाला पहिली दोन वर्षे सूट असे, पुढे दर वर्षी पासिंग. (2018 पासून आठ वर्षे वयापर्यंत ते दोन वर्षांनी होते.) पासिंगच्या आधी रिक्षा रंगवून घ्यायची, हूड आणि सीट ठाकठीक करायची, हा सर्वत्र रुळलेला शिरस्ता. म्हणजे कापड बदलणे मालकाच्या हौसेवर राहिले नाही, त्याला सरकारी तारीख मिळाली. वर्षभर काम पुरवणारे असे गिऱ्हाईक असल्याशिवाय जाड शिलाईची यंत्रे आणि ती चालवणारे हात एका पेठेत टिकून राहत नाहीत. हौशी मोटारमालक आयुष्यात एकदा येतो. रिक्षावाला पुन्हा पुन्हा येतो.

टांग्याचे हूड शिवणारेच रिक्षाकडे आणि तिथून मोटारीकडे वळले याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. घराण्यांची अखंड साखळी माझ्या मुद्द्याला लागतच नाही. साक्ष कामाच्या रीतीत आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर यांचे आतले अस्तर टपाला चिकटवलेले नसे, ते टांगलेले असे. रेक्झिनच्या पट्ट्या जोडताना शिवणीवर नेफे ठेवायचे, नेफ्यांतून लोखंडी तारा ओवायच्या आणि तारांची टोके टपाच्या दोन्ही बाजूंना अडकवायची. प्रत्येक तारेची लांबी आणि बाक वेगळा, म्हणून काढतानाच तिच्यावर खूण करावी लागते. जुन्या अस्तराची शिवण उसवली की तोच नव्याचा नमुना. कडा काचेच्या रबराखाली जात असल्याने पुढची-मागची काच उतरवल्याखेरीज काम नीट होत नाही. बेतणे, शिवणे, ताणणे, सुरकुती मधून कडेकडे सरकवत नेणे: हूड शिवणाऱ्याला यातले काहीच परके नाही. कारखान्याचा सुटा भाग मिळो न मिळो, अशी गाडी पेठेत पुन्हा उभी राहू शकत होती.

नंतरच्या गाड्यांनी हा आधार काढून घेतला. त्यांचे छत म्हणजे साच्यात दाबून आकार दिलेला कडक पुठ्ठ्यासारखा फलक, त्यावर पातळ फोम आणि फोमला जोडलेले विणलेले कापड. पंधरा-वीस वर्षांनी ते पोट सुटल्यासारखे खाली लोंबते तेव्हा गोंद सुटला असे वाटते. पण बोट लावून पाहावे: पिवळट भुकटी हाताला लागते. चिकटवणी बहुधा शाबूत असते, मोडतो तो फोम. उष्णता आणि दमटपणा पॉलियुरेथेनची घडण हळूहळू तोडतात, आणि पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात तापलेली गाडी जूनमध्ये दमट हवेत जाते. म्हणूनच टाचण्या टोचून किंवा जुन्याच कापडामागे सोल्यूशन सोडून केलेली दुरुस्ती टिकत नाही. फलक मागच्या दारातून न मोडता बाहेर काढून, भुकटी पूर्ण खरवडून, फोम लावलेले नवे कापड मधून कडेकडे दाबत बसवावे लागते.

इथे गंभीर आक्षेप असा की, हे शिवणकाम राहिलेच नाही. फलक अख्खा बदलावा, पेठेची गरज काय? गाडी नवी असेपर्यंत हे खरे आहे. पण मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते, आणि एवढ्या जुन्या गाडीचा आतला फलक मिळवणे दुरापास्त होते. तेव्हा ती त्याच सीट-हूडवाल्याच्या दारात येते. सुईची जागा खरवडणीने घेतली, तरी कापडाचा ताण ओळखणारे बोट तेच लागते.

दुसरा आक्षेप मला अधिक मान्य आहे: सुरक्षिततेचा. अस्तर केवळ शोभेचे नाही. ते पत्र्याची धग आणि आवाज अडवते, वायरी झाकते, आणि अनेक नव्या गाड्यांत त्याच्या कडेला पडदा-एअरबॅग दडलेली असते. अशा गाडीला सराईत हूडवाल्यानेही बेतानेच हात लावावा. शिवाय आतल्या कापडाने आग किती वेगाने पसरते यासाठी आय.एस. 15061 हे भारतीय मानक आहे, आणि वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. नाना पेठेत मीटरवर विकल्या जाणाऱ्या फोमच्या कापडाची तिथे चाचणी व्हावी आणि ठाणावर तसा शिक्का यावा, ही मागणी सीट-हूडवाल्यांनी आणि गिऱ्हाइकांनी मिळून करायला हवी.