संशयाची मोजपट्टी

ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. पण 'लोक माझ्या वाईटावर आहेत' हा विचार मोजायचा कसा? आणि तो आजार की शहाणपण, हे ठरवायचं कुणी?

सुरुवात जर्मनीपासून करू. कार्ल यास्पर्स या मनोविकारतज्ज्ञानं १९१३ साली भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या. माणसाची खात्री विलक्षण असते, पुरावा दाखवला तरी ती ढळत नाही, आणि त्याचं म्हणणं अशक्य कोटीतलं असतं. पहिल्या दोन खुणा रुग्णाशी बोलून कळतात. तिसरीसाठी मात्र बाहेर खरं काय घडतंय ते डॉक्टरला ठाऊक असावं लागतं. गोम इथेच आहे.

मिनेसोटा विद्यापीठातल्या हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४०च्या दशकात 'एमएमपीआय' ही चाचणी आणली आणि या प्रश्नाला वळसा घातला. शेकडो विधानं; प्रत्येकापुढे 'खरं' किंवा 'खोटं' अशी खूण करायची. रुग्णांची उत्तरं आणि रुग्णालयात भेटायला आलेल्या लोकांची उत्तरं ताडून पाहिली. संशयग्रस्ततेच्या वाट्याला ४० विधानं आली. आता गंमत बघा. ज्याला संशयानं खरोखर ग्रासलंय, तो त्या कागदावरही संशय घेतो, जपून उत्तरं देतो, आणि कधीकधी त्याचाच आकडा कमी येतो!

दुसरी अडचण मात्र गमतीची नाही. ग्रिअर आणि कॉब्स या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६८ साली 'ब्लॅक रेज' या पुस्तकात मांडलं, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा सावध संशय हा रोग नव्हे, जगण्याची गरज आहे. चारच वर्षांनी टस्कीगीचं प्रकरण उघडकीला आलं. सरकारी आरोग्य खात्यानं १९३२पासून सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीयांना उपचारांविना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. पेनिसिलिन आल्यावरही ते दिलं नाही. 'डॉक्टर आपल्याला फसवताहेत' असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलं असतं, तर चाचणीत ते कुठल्या रकान्यात गेलं असतं?

१९९९ साली इंग्लंडमध्ये इमॅन्युएल पीटर्स आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. 'असं वाटतं का?' एवढं विचारून त्या थांबल्या नाहीत. त्याचा त्रास किती होतो, तो विचार डोक्यात किती वेळ घोळतो, खात्री किती आहे, हेही विचारलं. हरे कृष्ण पंथाचे अनुयायी, ड्रुइड पंथाचे लोक आणि भ्रम असलेले रुग्ण यांची तुलना केली. 'हो' या उत्तरांची संख्या आणि खात्री, दोन्हींत भक्त आणि रुग्ण वेगळे काढता येईनात. फरक पडला तो त्रासात आणि विचारात गुंतून पडण्यात.

मग २००८ साली डॅनियल फ्रीमन यांनी २०० सर्वसामान्य लोकांना संगणकानं उभ्या केलेल्या लंडनच्या भुयारी रेल्वेत बसवलं. सहप्रवासी आभासी, चेहरे मुद्दाम निर्विकार. बहुतेकांना ते साधे किंवा प्रेमळ वाटले. पण बऱ्याच जणांना त्यांच्यात वैर दिसलं. इथे मात्र सत्य काय ते संशोधकाला ठाऊक होतं, कारण ते त्यानंच रचलं होतं.

रुग्णालयात ती सोय नसते. म्हणून आकडा वाचायचा तो माणसाला किती त्रास होतोय हे कळण्यासाठी. तो खोटं बोलतोय की खरं, हे त्या आकड्यावरून ठरवू नये. त्यासाठी बाहेर जाऊन चौकशीच करावी लागते.